थंडी पडली, म्हणून बास?

दिवाळीचा फराळ संपत आला की न्यू जर्सीतली आमची मासे गरवणारी टोळी एकेक करून गळायला लागते. रॉड गॅरेजच्या भिंतीला टेकतात, रीलवर जुना टॉवेल पडतो आणि फोनवर एकच वाक्य ऐकू येतं, "चला, आता बास!" ज्या माशामागे आम्ही उन्हाळाभर हिंडतो त्याचं नावच लार्जमाउथ बास, त्यामुळे हा विनोद दर वर्षी होतो आणि त्याला हसणारे दर वर्षी कमी होतात. त्यामागची समजूत मात्र पक्की आहे: पाणी गार झालं की मासा बंद.

मीही बरीच वर्षं हेच मानत होतो. मग एका नोव्हेंबरात दोरीला थर्मामीटर बांधून तो पाण्यात सोडायची सवय लावून घेतली. माझ्या बहुतेक चुका कॅलेंडर बघून केलेल्या होत्या, हे तेव्हा कळलं. बासच्या अंगाचं तापमान भोवतालच्या पाण्याइतकंच असतं. पाणी गार झालं की त्याचं पचन, श्वसन, हालचाल सगळंच मंदावतं. भूक पूर्ण मरत नाही, पण एका घासासाठी किती धावायचं याचा हिशेब तो नव्याने मांडतो. थंडीतले गैरसमज या बदललेल्या हिशेबाकडे न पाहिल्यामुळेच होतात.

गैरसमज १ : बास म्हणजे आपला जिताडाच

मुंबई-गोव्याच्या हॉटेलांत ‘सी बास’ या नावाने बरेचदा जिताडा, म्हणजे गोव्यातला चोणक, पानात येतो. त्यामुळे नवख्या माणसाचा घोटाळा होतो.

वस्तुस्थिती : नावापलीकडे दोघांचं नातं नाही. जिताडा खाडीत आणि समुद्रात वावरणारा, उष्ण कटिबंधातला मासा. लार्जमाउथ बास मूळचा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा, सनफिश कुळातला. ब्लूगिल आणि क्रॅपी हे त्याचे भाऊबंद. कडाक्याचा हिवाळा त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बर्फ धरलेल्या तळ्यातही तो जिवंत असतो, आणि अधूनमधून खातोही.

गैरसमज २ : थंडीत बास तोंड उघडत नाही

वस्तुस्थिती : टेक्सास राज्याचा विक्रमी बास २४ जानेवारी १९९२ रोजी लेक फोर्कमध्ये मिळाला. वजन १८.१८ पौंड, म्हणजे सव्वाआठ किलो. त्याच तलावातला १७.६७ पौंडांचा प्रसिद्ध मासा, ज्याचं नाव पुढे एथेल पडलं, १९८६ च्या नोव्हेंबरातला. टेक्सासची सरकारी शेअरलंकर योजना १३ पौंडांवरच्या जिवंत माद्या प्रजननासाठी स्वीकारते, तीही जानेवारी ते मार्च या महिन्यांत. माद्यांच्या पोटात अंडी शरद ऋतूपासूनच वाढू लागतात. वसंतात ती घालण्याआधी माद्या सगळ्यात जड भरतात.

अर्थात पूर्व टेक्सासचा जानेवारी वेगळा आणि न्यू जर्सीचा वेगळा. पाणी साधारण १० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ५० फॅरनहाइटच्या खाली गेलं की एक घास पचायला दिवसच्या दिवस लागतात. उन्हाळ्यात सकाळभरात दहा मासे लागत असतील, तर इथे दोन लागले तरी दिवस चांगला गेला म्हणायचं. ‘कमी खातो’ याचा अर्थ ‘खात नाही’ असा मात्र लावू नये.

गैरसमज ३ : पहिली थंडी पडली की सगळे मासे तळ गाठतात

वस्तुस्थिती : शरद ऋतूत बहुतेक ठिकाणी उलट घडतं. पाणी २१ वरून १६ अंशांकडे उतरू लागलं की शॅडसारख्या लहान माशांचे थवे मुख्य तलाव सोडून ओढ्यांच्या मुखांत आणि उथळ फाट्यांत शिरतात, आणि बास त्यांच्या मागे जातो. या दिवसांत पृष्ठभागावर नाचणारी टॉपवॉटर आमिषं, भिरभिरत्या पात्याची स्पिनरबेट आणि बुटक्या चौकोनी ओठाची क्रँकबेट भराभर चालवावीत. खोल पाण्यात गळ सोडून बसणारा याच दिवसांत रिकाम्या हाताने परततो.

दुसरा घोळ होतो तलाव ‘उलटण्या’चा. उन्हाळ्यात खोल तलावात वर ऊबदार आणि खाली गार असे थर असतात आणि तळाशी ऑक्सिजन कमी असतो. शरदात वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली बसतं. वरच्या-खालच्या पाण्याचं तापमान जुळलं की वारा सगळा तलाव ढवळून काढतो. पाणी गढूळ दिसतं, कुजका वास सुटतो आणि लोक म्हणतात, आता दोन आठवडे तलाव मेला. पण सगळा तलाव एका दिवसात उलटत नाही. उथळ फाट्यांत आणि वाहत्या ओढ्यांत असे थर मुळात नीट बनलेलेच नसतात. तिकडे जावं. ढवळण संपली की ऑक्सिजन तळापर्यंत पोहोचतो आणि मासे कोणत्याही खोलीवर सापडू शकतात. खोलीची खरी ओढ लागते ती पुढे. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून वर बर्फ धरला तरी तळाशी तेवढी ऊब टिकून राहते.

गैरसमज ४ : थंडीत आमिष हळू ओढलं की झालं

वस्तुस्थिती : हळू चालवणं हा अर्धाच भाग आहे. थांबवणं त्याहून महत्त्वाचं. इथे जर्कबेटचं काम जवळून पाहण्यासारखं आहे.

जर्कबेट म्हणजे बोटापेक्षा थोडं लांब, सडपातळ, माशाच्या आकाराचं कडक आमिष. तोंडाशी प्लास्टिकचा छोटा ओठ. दोन झटके दिले की ते डावी-उजवीकडे कलंडतं, आणि मग पाण्यात आहे तिथेच लटकतं. गुंतलेलं असतं सगळं त्या लटकण्यात. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या तलावांत थ्रेडफिन शॅड हा बासचा मुख्य घास आहे आणि या माशाला गारठा सोसत नाही. पाणी ७ अंशांच्या आसपास आलं की ते मरू लागतात: थरथरतात, थबकतात, पुन्हा थरथरतात. बासला यापेक्षा स्वस्त जेवण नाही. जर्कबेटने या मरत्या शॅडचीच नक्कल करायची. पाणी १० अंशांवर असेल तर दोन झटक्यांनंतर मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. ५ अंशांवर वीस, कधी तीस. काठावर गारठलेल्या माणसाला वीस आकडे म्हणजे युग वाटतं. बहुतेक जण बाराव्या आकड्याला रील फिरवतात.

यात एक बारीक खोच आहे. घरी बादलीतल्या कोमट पाण्यात बरोबर लटकणारं आमिष तलावाच्या गार पाण्यात हळूच वर येऊ लागतं, कारण गार पाणी जास्त घन असतं. म्हणून तोल तलावाच्या काठाशीच तपासावा आणि लागलं तर आमिषाच्या पोटाला शिशाची छोटी चिकटपट्टी लावावी. तंगूस, म्हणजे लाइन, हिचाही परिणाम होतो. फ्लोरोकार्बनची लाइन बुडते आणि आमिषाचं नाक खाली ओढते. वेणीची लाइन तरंगते आणि नाक वर धरते.

‘हळू’ला अपवादही आहेत. धातूच्या पात्याचं ब्लेडबेट किंवा जिगिंग स्पून खोल पाण्यात तळापासून फूटभर झटक्यात उचलतात आणि परत पडू देतात. टेक्सासात हिवाळा सरता सरता पाणगवतावर बिनओठाचं, खुळखुळणारं क्रँकबेट मुद्दाम गवतात अडकवतात आणि हिसका देऊन सोडवतात. हालचाल वेगवान, पण माशाच्या अगदी तोंडाशी. त्याला पाठलाग करावा लागत नाही, म्हणून त्याच्या हिशेबात हेही बसतं.

गैरसमज ५ : गार पाण्यात लहानच आमिष हवं

वस्तुस्थिती : लहान आमिष चालतं, हे खरं. वर सांगितलेला टेक्सासचा विक्रमी बास पकडणारे बॅरी सेंट क्लेअर त्या दिवशी क्रॅपीसाठी गळ टाकून बसले होते आणि गळाला होता एक छोटा जिवंत मासा. टेनेसी-केंटकीच्या सीमेवरच्या डेल हॉलोसारख्या खोल, नितळ तलावांत तर हिवाळ्यात बॉबर या तरंगत्या बोंडाखाली आठ-दहा फुटांवर केसांचं इवलंसं जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ, टांगतात आणि लाटांनाच ते हलवू देतात. कोकणातल्या खाडीकाठी ज्याने गरी टाकून वाट पाहिली आहे, त्याला हे शिकवावं लागत नाही.

पण ‘लहानच’ हा हट्ट बरोबर नाही. एकदाच हलायचं तर घासही भरीव असावा, हाही हिशेबच. जुने अमेरिकन मासेमार हिवाळ्यात जिगला डुकराच्या कातडीची शेपटी लावत, ती काही लहान नसे. कातडीच का, तर त्या काळचं प्लास्टिक गारठ्यात ताठरायचं आणि कातडी लवचीक राहायची. थंडीत आकारापेक्षा आमिष मऊपणे आणि कमी हलतं का, हे आधी बघावं.

गैरसमज ६ : हिवाळ्याचा एक ठरलेला रंग असतो

वस्तुस्थिती : लाल रंगाची ख्याती टेक्सासमधून पसरली. तिथे हिवाळ्याच्या शेवटी गवतातल्या क्रॉफिशची, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्याच्या भावंडाची, नक्कल लाल क्रँकबेटने करतात. क्रॉफिश नसलेल्या तळ्यात त्याच लालचा आग्रह धरायला काही आधार नाही. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी बासना खाऊचं बक्षीस देऊन रंग ओळखायला शिकवलं, तेव्हा लाल आणि हिरवा ते नीट ओळखत, पण झगझगीत पिवळा आणि पांढरा यांत, तसंच गडद निळा आणि काळा यांत त्यांची गल्लत होई. म्हणजे आमिषांच्या डब्यातल्या निम्म्या छटा आपल्यासाठी असतात. पाणी नितळ असेल तर खऱ्या भक्ष्याच्या जवळचा रंग, गढूळ असेल तर ठळक रंग, एवढं सूत्र पुरतं.

गैरसमज ७ : मासेमारी म्हणजे पहाटेचं काम

वस्तुस्थिती : उन्हाळ्यात हो. हिवाळ्यात पहाटेचं पाणी दिवसातलं सगळ्यात गार असतं आणि रॉडच्या कड्यांत बर्फ साचतो, तो वेगळाच. सूर्य दक्षिणेकडून तिरपा येत असल्यामुळे तलावाच्या उत्तर काठावर ऊन जास्त वेळ पडतं, आणि उत्तरेचा वाराही तिथे कमी लागतो. तिथे काळसर दगडी बांध असेल तर दुपारी दोन-तीनपर्यंत त्यालगतचं पाणी एक-दोन अंशांनी चढतं. तेवढ्यासाठी मासा जागा बदलतो. तेव्हा सावकाश उठा, पोहे खा, चहा घ्या आणि अकरानंतर निघा.

गैरसमज ८ : मासा लागला की झटका बसतोच

वस्तुस्थिती : गार पाण्यात बास आमिषावर झेपावतोच असं नाही. तो जवळ येतो, गालफडं फुगवून पाण्यासकट आमिष ओढून घेतो आणि तिथेच राहतो. हाताला ओलं पान अडकल्यासारखा जडपणा जाणवतो, नाहीतर लाइन एका बाजूला जराशी सरकते. कधी ती नुसतीच सैल पडते. नजर लाइनवर हवी. जडपणाचा संशय आला तर रॉड उचलून बघायचा. पान निघालं तर निघालं.

गैरसमज ९ : मला पोहता येतं

हा एकच गैरसमज जिवावर बेततो.

वस्तुस्थिती : अतिथंड पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो, पण हात चालेनासे झाल्यावर पोहण्याचं कौशल्य काय कामाचं? म्हणून न्यू यॉर्क राज्यात १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांहून लहान बोटीत प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगात घातलेलंच असावं असा कायदा आहे. पेनसिल्व्हेनियात १६ फुटांहून लहान बोटींना आणि कनू-कायाकना १ नोव्हेंबर ते ३० एप्रिलपर्यंत असाच नियम लागू असतो. बोटीत ठेवलेलं जॅकेट मोजलं जात नाही.

जपायचं ते माशालाही. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त असतो, त्यामुळे सोडलेला बास सहसा तगतो. पण तीस फुटांहून खोलातून झपकन वर आणला तर त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, आणि गोठणाऱ्या हवेत फोटोसाठी धरून ठेवला तर कल्ल्यांना इजा होते. फोटो एकच, तोही पाण्यालगत.

आता राहिला प्रश्न थंडीसाठी काय विकत घ्यावं याचा. एक जर्कबेट, एक जिग, एक ब्लेडबेट. आणि या तिन्हींच्या आधी दोरीला बांधायचा एक साधा थर्मामीटर. तो १६ च्या वर दाखवत असेल तर उथळात भरभर, १० च्या आसपास असेल तर संथपणे, त्याहून खाली असेल तर आमिष माशाच्या तोंडाशी नेऊन थांबायचं. ही मासेमारांची ढोबळ मापं आहेत. तलाव बदलला की एक-दोन अंश इकडे-तिकडे होणारच.

बाकी काम वीसपर्यंत मोजण्याचं. परवा उत्तरेच्या काठावर मी सतरावर होतो, तेव्हा लाइन तसूभर डावीकडे सरकली. पान असेल, म्हणून रॉड उचलला. पान नव्हतं.