होलपासून मागे मागे

अठरा होलच्या गोल्फ मैदानाचं पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांची संख्या, साधारणपणे ७२ असतं. हा आकडा ठरवताना प्रत्येक होलमागे ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचे, दोन फटके धरलेले असतात. म्हणजे ७२ पैकी ३६ फटके पटरने, अगदी हळुवार मारायचे. बरोबर निम्मे. तरीही शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी रेंजवर हवा असतो तो ड्रायव्हर, सगळ्यात लांब दांड्याचा क्लब. मग क्लब हवेतून फिरतो आणि चेंडू जागेवरच राहतो, किंवा टीवरून घरंगळून चार पावलांवर थांबतो. शेजारच्या मॅटवरचे जुने खेळाडू पाहत असतात. तासाभरात त्या माणसाचं मत होऊन बसतं की हा आपला खेळ नव्हे.

चांगला कोच ही वेळच येऊ देत नाही. तो क्रम उलटा लावतो: आधी होल, मग ग्रीनचा काठ, मग फेअरवे आणि टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, सगळ्यात शेवटी. गोल्फ महाग आहे, क्लबांची सभासदत्वं मिळत नाहीत, हे अडथळे खरेच आहेत. पण दारापर्यंत आलेली माणसं परत जातात ती बहुतेकदा शिकवण्याच्या चुकीच्या क्रमामुळे, असं माझं ठाम मत आहे.

या उलट्या क्रमाचे सगळ्यात प्रसिद्ध पुरस्कर्ते म्हणजे टेक्सासमधल्या ऑस्टिन कंट्री क्लबचे हार्वी पेनिक. आठव्या वर्षी ते त्या क्लबात कॅडी म्हणून लागले आणि १९२३ मध्ये, विशीत पाऊल टाकण्याआधीच, तिथले मुख्य प्रशिक्षक झाले. पुढचं सगळं आयुष्य शिकवण्यात गेलं. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ हे नामवंत गोल्फपटू त्यांचे शिष्य. त्यांची अनेक वर्षांची टिपणं १९९२ मध्ये ‘लिटल रेड बुक’ या नावाने पुस्तकरूपात आली. खेळ होलपासून सुरू करून टीकडे मागे मागे शिकावा, हे त्यांनी त्यात स्वच्छ सांगितलं आहे. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, हा त्यांचा दुसरा नेम. मी अॅस्पिरिनची एक गोळी सांगितली तर अख्खी बाटली घेऊ नका, अशा अर्थाचं ते शिष्यांना बजावत.

आता हा क्रम प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहू.

पहिला तास पटिंग ग्रीनवर. होलचा व्यास १०८ मिलिमीटर आणि चेंडूचा किमान ४२.६७, म्हणजे दोन चेंडू शेजारी शेजारी ठेवूनही जागा उरते. कोच होलपासून तीन फुटांवर चेंडू ठेवतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन टी रोवतो. त्यांच्यातलं अंतर पटरच्या तोंडापेक्षा बोटभरच जास्त. पटर या दोन टींच्या मधून मागे न्यायचा आणि पुढे आणायचा. तोंड वाकडं आलं की टीला टक लागते, त्यामुळे चूक कोणी सांगावी लागत नाही. मनगटं शांत ठेवायची, हलतात ते खांदे. दहा मिनिटांत चेंडू होलमध्ये पडल्याचा आवाज यायला लागतो, आणि पहिल्याच तासात तो आवाज ऐकलेला माणूस पुढच्या आठवड्यात बहुधा परत येतो.

मग अंतर वाढतं, दहा फूट, वीस फूट, आणि इथे कोच होलकडे बघूच देत नाही. फटका मारायचा, मान वर न करता थांबायचं आणि चेंडू तोकडा पडला की पुढे गेला ते सांगायचं, मगच बघायचं. हाताला वेगाचा अंदाज येतो तो असा. वेगाला इतकं महत्त्व का, हेही त्याच वेळी दाखवता येतं. चेंडू मरत मरत काठाशी आला तर होलची सगळी रुंदी कामाला येते, कडेवरून आलेलाही आत ढळतो. जोरात आलेला चेंडू मात्र जवळजवळ मधूनच यावा लागतो, नाहीतर कडेला लागून बाहेर फिरतो. नवखा माणूस दिशेची काळजी करत बसतो. लांबच्या अंतरावरून तीन-तीन फटके लागतात ते बहुतेक वेळा वेग चुकल्याने.

दुसरा टप्पा चिपिंगचा. ग्रीनच्या काठावरून, सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने, पटिंगसारखाच छोटा फटका. चेंडू मधल्या रेषेपेक्षा किंचित मागच्या पायाकडे, वजन पुढच्या पायावर. चेंडूने हवेत थोडंच जायचं आणि ग्रीनवर उतरून उरलेलं अंतर घरंगळत कापायचं. यात नवीन शिकण्यासारखं फारसं नाही, म्हणूनच हा टप्पा दुसरा.

खरी अडचण पुढे येते, पूर्ण स्विंगपाशी. इथे कोचला आधी एक समज मोडावा लागतो. चेंडू वर उडवायचा म्हणजे त्याला खालून उचललं पाहिजे, असं प्रत्येकाला वाटतं. सात नंबरचं आयर्न हातात घेऊन त्याचं तोंड बघितलं तर ते तीसेक अंशांनी मागे कललेलं दिसतं. चेंडूला उंची देतो तो हा कल. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात ते सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. त्यात मनगटाने उचलण्याला वेळच नाही. उलट, उचलायला गेलं की शरीर मागच्या पायावर जातं, क्लब चेंडूच्या आधीच जमिनीला घासतो किंवा चेंडूच्या डोक्यावर बसतो. क्लब खाली उतरत असताना चेंडूला भेटला पाहिजे, म्हणजे चेंडू आपोआप वर जातो. हे ऐकून पटत नाही, करून पटतं. पेनिक नवशिक्याच्या समोर चेंडू ठेवण्याऐवजी गवतात नुसती टी खोचत आणि ती टी सात नंबरच्या आयर्नने कापायला सांगत. चेंडूच नाही म्हटल्यावर त्याला उचलण्याचा मोहही होत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे क्रिकेट. पुण्यामुंबईच्या रेंजवर येणाऱ्या बहुतेकांच्या हातात आधी बॅट येऊन गेलेली असते. डोळा आणि हात यांचा मेळ त्यांना तयार मिळतो, पण खालच्या हाताने चेंडू ओढून मारायची सवयही बरोबर येते. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, विचाराला वेळ नसतो. गोल्फचा चेंडू गवतात पडून असतो आणि खेळणाऱ्याला कोपर, गुडघे, डोकं, पकड असा सगळ्याचा विचार करायला भरपूर वेळ मिळतो. हा विचार कमी करणं हे कोचचं मोठं काम.

ते काम सगळ्यात सोप्या साधनाने केलं अर्नेस्ट जोन्स या इंग्लिश प्रशिक्षकाने. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, फ्रान्समध्ये त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. परत आल्यावर रॉयल नॉर्विचच्या मैदानावर एका पायावर उभं राहून त्यांनी १८ होल ८३ फटक्यांत पूर्ण केले. वजन या पायावरून त्या पायावर कसं न्यायचं, कंबर कधी वळवायची, या शिकवणीतलं बरंचसं त्यांच्या शरीराला आता शक्यच नव्हतं, तरी चेंडू जात होता. त्यातून त्यांचं मत पक्कं झालं की शिकवायचं ते क्लबचं टोक फिरवायला, शरीर मागोमाग येतं. पुढे ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर, इमारतीच्या आत, शिकवू लागले. त्यांच्याकडे शिकलेल्या व्हर्जिनिया व्हॅन वाय यांनी १९३२ ते १९३४ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेची महिला हौशी स्पर्धा जिंकली.

जोन्स यांचं साधन म्हणजे एक हातरुमाल आणि त्याच्या टोकाला बांधलेला घडीचा चाकू. आपण रुमालाला किल्ल्यांचा जुडगा बांधून घरी करून बघू शकतो. रुमालाचं दुसरं टोक धरून जुडगा सावकाश मागे-पुढे झुलवला की रुमाल ताणलेला राहतो आणि जुडगा गोलाकार मार्गाने जातो. हाताने मध्येच जोर लावला, हिसका दिला, की रुमाल ढिला पडतो आणि जुडगा भलतीकडे जातो. क्लबचा दांडा कडक असल्याने हा हिसका डोळ्यांना दिसत नाही, रुमालात लगेच दिसतो. झुलवताना जी लय सापडते तीच सात नंबरच्या आयर्नने धरायची, आधी कंबरेपासून कंबरेपर्यंत, मग खांद्यापासून खांद्यापर्यंत. मी पाहिलेल्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही मला सर्वांत आवडते, कारण साठीच्या आजींपासून दहा वर्षांच्या मुलापर्यंत कोणालाही ती शब्दांवाचून समजते.

इथपर्यंत लागणारं सामान म्हणजे एक पटर आणि एक आयर्न. नियमानुसार पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात, पण ती कमाल मर्यादा आहे. किमान मर्यादा नाही. पहिल्याच महिन्यात पूर्ण सेट विकत घ्यायला लावणाऱ्या कोचपासून सावध राहावं.

मग मैदानावर जायचं, आणि इथे भीती असते ती हिशेबाची. एका होलला बारा फटके लागले तर? या भीतीवरचा उपाय फ्रँक स्टेबलफर्ड नावाच्या डॉक्टरांनी लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात शोधला. एक-दोन होल बिघडले की लोक वैतागून खेळ सोडून देत, म्हणून त्यांनी फटक्यांऐवजी गुण मोजण्याची पद्धत काढली. तिची पहिली स्पर्धा १९३२ मध्ये झाली. तिला जोड मिळते हँडिकॅपची. २०२० मध्ये सुरू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत ५४ पर्यंत हँडिकॅप मिळतो, स्त्रियांना आणि पुरुषांना सारखाच. सोपं करून सांगायचं तर दर होलला तीन फटक्यांची सवलत. पार ४ च्या होलवर अशा खेळाडूने ७ फटके घेतले तर ते त्याचं पार धरतात आणि २ गुण मिळतात. ६ फटक्यांना ३ गुण, ८ ला १, आणि ९ किंवा जास्त झाले तर शून्य. शून्य ठरलं की चेंडू उचलून खिशात टाकायचा आणि पुढच्या होलकडे चालू लागायचं. बाराव्या फटक्यापर्यंत कोणालाही ताटकळत ठेवायची गरज पडत नाही. पहिल्या फेऱ्या नऊच होलच्या आणि सगळ्यात पुढच्या टीवरून खेळाव्यात.

रीतीभाती कोच चालता चालता सांगतो. दुसरा खेळाडू फटका मारत असताना स्तब्ध उभं राहायचं, पटिंगच्या रेषेवर पाय द्यायचा नाही, बंकरमधून बाहेर पडताना वाळू सारखी करायची. हरवलेला चेंडू तीनच मिनिटं शोधायचा, २०१९ पूर्वी पाच मिनिटं मिळत. बाकीचं सवयीने येतं.

भारतात हा उलटा क्रम अनेकांनी कोचशिवायच गिरवला आहे, परिस्थितीमुळे. कॅडींच्या आणि माळ्यांच्या मुलांना पूर्ण मैदान मिळत नसे, मिळे तो ग्रीनचा काठ आणि जुना एखादा क्लब. दिल्लीत कॅडीचं काम केलेल्या अली शेर यांनी १९९१ ची इंडियन ओपन जिंकली, ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीनकीपर होते. चौरसियांचा ग्रीनजवळचा खेळ इतका पक्का की सहकारी त्यांना ‘चिपपटसिया’ म्हणत. २०१६ आणि २०१७ ची इंडियन ओपन त्यांचीच. मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्तीतली मुलं लोखंडी सळई वाकवून क्लब करतात आणि गल्लीतच प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळतात. त्या बोळात लांब फटक्याला जागाच नाही, सगळा खेळ अंदाजाचा. अशा मुलांना खऱ्या ग्रीनवर आठवड्यातून एक सकाळ मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. ती देणं क्लबांच्या हातात आहे.

सभासदत्व नसलेल्यांना आज जागा आहेत. दिल्लीत डीडीएचं कुतुब गोल्फ कोर्स आणि नवी मुंबईत सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स इथे पैसे भरून खेळता येतं. सराव रेंजवर तर बकेटभर चेंडू घेऊन कोणालाही उभं राहता येतं. कोचला पहिला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारा. क्लब तुमच्याकडे वापरायला मिळतील का? पहिला तास पटिंग ग्रीनवर असेल ना? आणि मैदानावर माझ्याबरोबर चालायला तुम्ही स्वतः याल का? तिन्हींना हो आलं तर सपाट तळाचे बूट घाला, टोपी घ्या आणि सकाळची वेळ मागा.