हिवाळ्यात गोठणारे नळ

आमच्या अनेक सभासदांची मुलेबाळे आज अमेरिकेत घरसंसार थाटून आहेत. तिकडे थंडीने घरातील नळ फुटतात, हे ऐकून इकडील वडीलधाऱ्यांस नवल वाटते. म्हणून त्याचे कारण व उपाय आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. नळीत बर्फाचे बूच बसले, की ते व बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि नळी बहुधा तेथेच चिरते. बर्फ वितळेपर्यंत ही चीर ध्यानात येत नाही. मग मात्र घरभर पाणी होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात असेच घडले. डॅलस येथे पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, वीज गेल्याने घरे थंड पडली आणि असंख्य घरांतील नळ्या फुटल्या.

उघड्या नळ्यांवर उष्णतारोधक वेष्टन घालावे. कडाक्याच्या रात्री तोटीतून बारीक धार वाहू द्यावी, म्हणजे दाब साठत नाही. सिंकखालील कपाटाची दारे उघडी ठेवावीत. परगावी जाताना घर १३ अंशांहून थंड होऊ देऊ नये. नळी गोठलीच तर तोटी उघडून, तोटीच्या बाजूकडून केस वाळविण्याच्या यंत्राने ऊब द्यावी. ज्योत कदापि लावू नये.

दुकानाची किल्ली कोठे असते हे जसे घरात सर्वांस ठाऊक असते, तसेच पाण्याची मुख्य झडप कोठे आहे हेही ठाऊक असावे. नळी फुटल्यावर ती शोधत बसण्यास वेळ नसतो.