मिठालाही न भिणारे जीव

भाईंदर म्हटले की मिठागरे आठवतात आणि उत्तन म्हटले की उन्हात वाळणारे बोंबील. मीठ काय, ऊन काय, मासळी टिकवायची ही दोन्ही हत्यारे एकाच न दिसणाऱ्या जिवावर चालतात. तो म्हणजे जिवाणू.

जिवाणू एकाच पेशीचा. लांबी साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. आपल्या पेशीत असते तसे केंद्रक त्याला नसते. वाढतो कसा? एकाचे दोन, दोनाचे चार. ऊब, ओल आणि अन्न मिळाले, तर काही जातींना त्यासाठी वीस मिनिटे पुरतात. म्हणजे हिशेबाने दहा तासांत एकाचे शंभर कोटींवर! सकाळची मासळी संध्याकाळी का नासते, ते आता वेगळे सांगायला नको.

कोळीण बोंबील वाळवते, म्हणजे त्यातले पाणी काढते. मीठही पाणीच ओढून घेते. पाण्यावाचून जिवाणूंची वाढ थांबते; पण ते सगळेच मरत नाहीत. सुकी मासळी पावसाळ्यात सादळली, की उरलेले पुन्हा कामाला लागतात.

आता यांची वर्गवारी कशी करायची? आकाराने पाहिले तर कोणी गोल, कोणी काडीसारखे, कोणी मळसूत्रासारखे. पण नुसत्या आकारावर जाऊ नका. दह्यातले काही जिवाणू काडीसारखे आणि क्षयाचाही काडीसारखाच! १८८४ साली ग्राम नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने रंगाची युक्ती काढली. जाड भिंतीचे जिवाणू जांभळे दिसतात, पातळ भिंतीचे गुलाबी. औषध निवडताना डॉक्टरांना ही खूण आजही उपयोगी पडते.

आणि मिठागराचे पाणी आटून दाट झाले, की त्यावर कधी तांबूस झाक येते, ती कशाची? काही सूक्ष्म शेवाळांची आणि मिठावाचून जगूच न शकणाऱ्या जिवांची. या जिवांना पूर्वी जिवाणूच म्हणत. १९७७ साली कार्ल वूझ यांनी पेशीतील आरएनए ताडून दाखवले, की हे कूळच निराळे. त्याला आता आर्किया म्हणतात.

तेव्हा खारवलेल्या मासळीवर तांबडे डाग दिसले, तर ‘मीठ लावलंय, काय होतंय!’ असे म्हणू नका. मासळी नासू लागल्याची ती खूण आहे. आणि गुरुजी, ‘जंतू म्हणजे रोग’ एवढेच मुलांना सांगून थांबू नका. त्यांना आधी विचारायला शिकवा : जंतू खरा, पण कोणता?