मगरिबनंतरच्या बातम्या

आमच्या घरात टीव्ही आला तो दादाजींच्या दोन अटींवर. अजान झाली की बंद, आणि रमजानभर त्याच्यावर चादर. तिसरी अट वाड्याची होती, ती कुणी सांगावी लागत नसे. वाड्यात मय्यत झाली, मग घर कुणाचंही असो, तीन दिवस कुणाकडेच टीव्ही लागत नसे.

ही गोष्ट पुण्याच्या भवानी पेठेतली, १९८७ सालची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्यात दिसू लागलं. पण आमच्या कौलांवर अँटेना चढायला आणखी चौदा वर्षं लागली. अब्बा वर चढून ती सिंहगडाच्या दिशेला फिरवायचे आणि आम्ही खालून ओरडायचो, "आला, आला... गेला!" डब्याला लाकडी शटर होतं, ते उघडायचा मान धाकट्या भावाचा.

एकच वाहिनी. त्यामुळे काय बघायचं, हा प्रश्नच नव्हता. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं', मग एखादी मुलाखत, कधी 'गजरा'तली प्रहसनं, कधी नाटक, मराठी बातम्या, आणि रात्री दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम. सलमा सुलतान केसांत गुलाब माळून हिंदी बातम्या सांगायच्या, तेव्हा आमच्या आपा त्या गुलाबाकडेच बघत बसायच्या. गुरुवारी 'छायागीत' लागलं की दादाजी तसबीह घेऊन ओटीवर जात. कुणी काही बोलत नसे, आवाज मात्र आपोआप कमी व्हायचा. टीव्हीने घरं बिघडवली, असं आपल्याकडे अजूनही म्हणतात. दादाजींची भीती खोटी होती असं मीही म्हणणार नाही. पण त्या डब्याने आमच्या घरात एक काम केलं, ते दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं.

अम्मी गुलबर्ग्याची. घरात दख्खनी, गल्लीत थोडी कन्नड. लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. उर्दू लिहा-वाचायला यायची, पण बाजारहाट अब्बा करायचे आणि सरकारी कागद दादाजी बघायचे, म्हणून तिचं अडलं नाही. दहा-बारा वर्षं शेजारच्या काकूंशी ती हसून, हातवारे करून बोलत होती. काकू तिला भाभी म्हणायच्या, ती त्यांना वहिनी. त्यापुढे संभाषण फारसं सरकत नसे.

टीव्ही आल्यावर अम्मी सगळ्यात आधी रमली ती शेतीच्या कार्यक्रमात! आम्हा मुलांना त्याचा भयंकर कंटाळा. पण तिचे वडील तुरीचं पीक घेणारे. पडद्यावर शेंग पोखरणारी अळी दिसली की ती पुढे सरकायची. अळी तिच्या ओळखीची होती, शब्द तेवढा नवा होता. फवारणी, निंदणी, उतारा हे शब्द तिने असे उचलले. आज पंचवीसएक वर्षं शिकवल्यावर मला कळतं, की आधी वस्तू ठाऊक असली म्हणजे तिचं नाव शिकायला वेळ लागत नाही. आम्ही मात्र वर्गात याच्या उलट शिकवतो. देवनागरीतला तिने लावून लावून वाचलेला पहिला शब्द कोणता, तर 'व्यत्यय'. प्रक्षेपण बंद पडलं की ती पाटी इतका वेळ समोर राहायची, की वाचण्यावाचून इलाजच नसे.

उन्हाळ्यात मगरिब सातच्या पुढे जाते. मग कार्यक्रम ऐन रंगात असताना अजान व्हायची आणि टीव्ही बंद. मधलं काय राहिलं, ते काकू नंतर भिंतीपलीकडून सांगायच्या. मराठीतच सांगायच्या, आणि अम्मीला समजून घ्यावंच लागायचं. नमाज झाली की ती बातम्या लावायची. प्रदीप भिडे बातम्या देत असले की ती काम हातावेगळं करून बसायची. एकेक अक्षर सुटं, घाई नाही. आधी ती नुसतं ऐकायची, मग ओठ हलू लागले, मग पोळ्या लाटताना पुटपुटू लागली.

१९८८ साली गुलजारांची 'मिर्झा ग़ालिब' आली. नसीरुद्दीन शाह ग़ालिब झाले होते आणि गायला जगजीतसिंग व चित्रासिंग. छायागीताला उठून जाणारे दादाजी यासाठी मात्र बसले, आणि काकूही स्वतःचा टीव्ही सोडून आमच्याकडे येऊ लागल्या. कारण साधं होतं. त्यांना ती मालिका आवडायची, पण अर्धी डोक्यावरून जायची. त्या दबक्या आवाजात विचारायच्या, "भाभी, तखल्लुस म्हणजे?" अम्मी क्षणभर विचार करून म्हणायची, "टोपणनाव. कवीचं." दादाजी मान न वळवता मिशीतल्या मिशीत हसायचे. सून मराठीत बोलते, हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

आता माझी गोष्ट. ती सांगायला मला आजही जड जातं. चौथीपर्यंत मी उर्दू शाळेत होते, पाचवीला अब्बांनी मराठी शाळेत घातलं. तिथे मला अम्मीची लाज वाटायची. पालकसभेची चिठ्ठी मी तिला दाखवायचेच नाही. एकदा तिने विचारलं, तेव्हा सरळ म्हणाले, "तुझी भाषा ऐकून सगळे हसतील." ती काही बोलली नाही. भांडी घासत राहिली.

त्याच वर्षी मला कावीळ झाली, तीन आठवडे शाळा बुडाली. अब्बा बाहेरगावी होते. दवाखान्यातून परतताना बुरख्यातली अम्मी माझा हात धरून थेट शिक्षकांच्या खोलीत शिरली. मी खाली मान घालून उभी. आणि ती भिड्यांच्या ठेक्यात, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, "माझ्या मुलीची प्रकृती आता समाधानकारक आहे. परंतु डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार तिला आणखी एक आठवडा विश्रांती घ्यावी लागेल."

एक बाई खुदकन हसल्या. वर्गशिक्षिका हसल्या नाहीत. त्यांनी उठून खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "इतकी छान मराठी कुठं शिकलात?"

"बातम्यांमध्ये," अम्मी म्हणाली.

मला तेव्हा जमीन दुभंगून आत घ्यावं असं वाटलं होतं. आता माझ्या वर्गाच्या दाराशी एखादी आई पदर सावरत, मुलाला पुढे करून मागे थांबते, तेव्हा मी आधी खुर्ची ओढते.

काकू पुढे मुलाकडे कोथरूडला गेल्या आणि वाडा पडून इमारत उभी राहिली. टीव्हीवर शेकडो वाहिन्या आल्या, आणि ज्याला जे हवं ते तो वेगळ्या खोलीत बघू लागला. दादाजी त्याआधीच गेले, अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

२०२२ च्या जूनमध्ये एका दुपारी अम्मीचा फोन आला. माझ्याशी ती कायम दख्खनीतच बोलते. त्या दिवशी मात्र मराठीत म्हणाली, "ज्येष्ठ वृत्तनिवेदक प्रदीप भिडे यांचं निधन झालं." मग थोडं थांबून, पुन्हा आपल्या बोलीत, "वहिनीकू बोल्या क्या?"

मी कळवलं नव्हतं. तिनेच कोथरूडला फोन लावला.