बोटामागे फिरणारी नजर

गंगापूर रोडचे रुंदीकरण झाले तेव्हा कडेची कित्येक जुनी झाडे रस्त्याच्या मध्यावर आली, आणि रात्री-अपरात्री त्यांच्यावर आदळणारी वाहने हा नाशिकच्या वृत्तपत्रांचा बरीच वर्षे नित्याचा विषय होऊन बसला. अशा अपघातातून जो वाचतो त्याची हाडे सांधली जातात, पोलिसांचा पंचनामा होतो, विम्याचा अर्ज मंजूर होतो आणि सरकारी दप्तरी प्रकरण निकालात निघते. परंतु त्यांतल्याच एखाद्याला सहा महिन्यांनंतरही आनंदवल्लीच्या पुढे दुचाकी नेताना तळहातांना घाम सुटतो, समोरून येणाऱ्या दिव्याचा झोत डोळ्यांवर पडताच छाती धडधडू लागते, आणि घरी पानावर बसले असता काचा फुटल्याचा तोच आवाज, काल घडल्यासारखा नव्हे तर आत्ता घडत असल्यासारखा, कानी येतो. घरची मंडळी ‘झालं गेलं, विसरून जा’ असा प्रेमळ हुकूम सोडतात, आणि तो हुकूम पाळता येत नाही याचीच त्या बिचाऱ्याला शरम वाटू लागते.

या अवस्थेला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानसूचीत तिला स्वतंत्र स्थान दिले ते १९८० साली, आणि त्यामागे व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांची दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेली कैफियत होती. सामान्य आठवणीला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग स्थळ आणि काळ यांची चौकट देतो, त्यामुळे ती आठवताना आपण तिच्यापासून दूर उभे असतो. भीतीचा प्रसंग अतितीव्र असला म्हणजे धोक्याची घंटा वाजविणारे अमिग्डला हे बदामाच्या आकाराचे केंद्रक इतके प्रबळ होते की प्रसंगाचे रूप, रस, गंध तर ठसतात, पण तो प्रसंग अमुक तारखेस घडून संपला, ही जाणीव दुबळी राहते. आठवण पुसट होण्याऐवजी ताजी राहते, ती या कारणाने.

अशा आठवणीवर डोळ्यांच्या हालचालीचा उपाय सुचविला तो फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन विदुषीने. मूळच्या त्या इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक. १९७९ साली कर्करोगाचे निदान झाल्यावर मन आणि शरीर यांच्या संबंधाचे कुतूहल त्यांना मानसशास्त्राकडे घेऊन आले. १९८७ साली उद्यानातून फिरताना आपले डोळे झपाट्याने इकडून तिकडे हलत असता मनातील क्लेशदायक विचारांची धार बोथट होते, असे आपल्या ध्यानी आले, असे त्या सांगत. न्यूटनच्या सफरचंदापासून अशा उद्यानकथा विज्ञानाच्या इतिहासात पुष्कळ आहेत आणि त्या सर्वच जशाच्या तशा स्वीकाराव्यात असे मला वाटत नाही. माणसाला स्वतःच्या नेत्रगोलकांच्या अशा हालचालींची जाणीव सहसा होत नाही, असा आक्षेप पुढे घेतला गेलाच. परंतु शपिरोबाई कथेवर थांबल्या नाहीत. युद्धाच्या, बलात्काराच्या, बालपणीच्या अत्याचाराच्या स्मृतींनी ग्रस्त अशा २२ व्यक्तींवर त्यांनी प्रयोग केले आणि १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे या पद्धतीस ‘आय मूव्हमेंट डीसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग’ असे लांबलचक नाव मिळाले. व्यवहारात सगळे ‘ईएमडीआर’ असेच म्हणतात.

ही चिकित्सा प्रत्यक्षात कशी चालते ते थोडे तपशिलाने सांगायला हवे, कारण ‘डोळे फिरवले की दुःख गेले’ अशा बाजारी समजुतीने तिची जितकी हानी केली आहे तितकी विरोधकांनीही केलेली नाही. तिचे आठ टप्पे आहेत, आणि पहिल्या दोहोंत डोळ्यांचा प्रश्नच येत नाही: चिकित्सक रुग्णाचा पूर्ववृत्तांत जाणून घेतो, आणि मन अस्वस्थ झाल्यास ते कसे सावरावे याचा सराव करवून घेतो. त्यानंतर एकच प्रसंग निवडून त्यातले सर्वांत बोचरे दृश्य, त्यावेळी स्वतःविषयी मनात रुतलेले वाक्य (‘चूक माझीच’, ‘मी आता मरणार’) आणि शरीरात जिथे ताण जाणवतो ती जागा निश्चित केली जाते. यातना किती, हे रुग्ण शून्य ते दहा या मापाने सांगतो. मग तो ते दृश्य मनासमोर धरतो आणि त्याच वेळी चिकित्सकाच्या डावी-उजवीकडे सरकणाऱ्या बोटांचा नजरेने पाठलाग करतो. सुमारे अर्ध्या मिनिटाची अशी एक फेरी संपली की ‘आता काय जाणवते?’ एवढेच विचारले जाते, आणि जे काही मनात आले असेल, मग ती दुसरीच आठवण असो, रडू असो की खांद्यातील कळ असो, ते धरून पुढची फेरी सुरू होते. यातना शून्याच्या जवळ उतरल्यावर जुन्या वाक्याच्या जागी ‘मी वाचलो, ते संपले’ असे, रुग्णाला स्वतःला पटणारे वाक्य रुजविले जाते, शरीराची पुन्हा चाचपणी होते, आणि पुढच्या भेटीस परिणाम टिकला की नाही याची रुजुवात घेतली जाते. एक बैठक साधारणतः तास ते दीड तास चालते. या सर्व काळात रुग्ण पूर्ण जागा असतो; संमोहनाशी याचा संबंध नाही.

आता मुख्य प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूत्रांत या पद्धतीची शिफारस केली आहे, म्हणजे गुण येतो याविषयी फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो गुण कशाने येतो याविषयी. डोळे स्थिर ठेवून बाकीचे सर्व टप्पे तसेच पार पाडले तर काय होते? २००१ साली डेव्हिडसन आणि पार्कर या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांची एकत्र छाननी करून नेत्रचालन अनावश्यक ठरविले. २०१३ साली ली आणि कायपर्स यांच्या छाननीत नेत्रचालनाने मध्यम प्रमाणात का होईना, अधिक लाभ होतो असे निघाले. माझ्या मते या मतभेदाने बिचकण्याचे कारण नाही. सिंकोनाच्या सालीने हिवताप उतरतो हे युरोपीय वैद्यांना सतराव्या शतकातच कळले होते, पण तो ताप दूषित हवेने येतो ही त्यांची समजूत साफ चुकीची होती, आणि डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडायला १८९७ साल आणि सिकंदराबादेतील रोनाल्ड रॉस यांची चिकाटी लागली. उपाय आधी आणि उपपत्ती मागाहून, हा क्रम वैद्यकात नवा नाही. मात्र उपाय खरा म्हणून त्याच्याबरोबर सांगितलेली प्रत्येक उपपत्तीही खरी, असे मानण्याची मुभा त्यामुळे मिळत नाही.

आरंभीच्या उपपत्तींत मेंदूच्या डाव्या-उजव्या गोलार्धांचा समेट घडतो असे एक मत फार लोकप्रिय झाले, आणि आजही कित्येक माहितीपत्रकांत ते छापलेले असते. प्रयोगशाळेत त्याची वाट बिकट झाली, कारण डोळे आडवे न हलवता वर-खाली हलविले तरी आठवणीची तीव्रता तशीच उतरते, असे दिसून आले. अधिक भक्कम वाटते ती ‘कार्यरत स्मृती’ची उपपत्ती. मनापुढे एखादे दृश्य धरून ठेवण्यासाठी जी अल्पकालीन जागा लागते ती फार मर्यादित असते, ही गोष्ट ॲलन बॅडली यांनी १९७४ पासून मांडली होती. १९९७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखविले की सरकत्या बिंदूवर नजर ठेवून मनश्चित्र आठवायला लावले तर चित्र फिके पडते आणि भावनाही निवळते. नेदरलँड्समधील उट्रेक्ट विद्यापीठात मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पुढे नेला, आणि कानात आळीपाळीने वाजणाऱ्या टिकटिकीपेक्षा नेत्रचालनाचा परिणाम अधिक होतो असे त्यांना आढळले, कारण टिकटिक ऐकायला मनाला फारसे श्रम पडत नाहीत. आठवण जागी झाली की ती काही काळ अस्थिर होते आणि पुन्हा साठविली जावी लागते, हे करीम नाडर यांनी २००० साली उंदरांवरील प्रयोगांत दाखविले होते. या दोन गोष्टी जोडल्या तर असे अनुमान निघते की फिकट झालेली आठवण फिकट रूपातच परत ठेवली जाते. २०१९ साली कोरियातील संशोधकांनी उंदरांत भीतीचा आवाज ऐकविताना डावी-उजवीकडे आलटून-पालटून प्रकाश दाखविला तेव्हा भय कमी झालेच, शिवाय नजर वळविणाऱ्या केंद्रापासून अमिग्डलापर्यंत भय दाबणारा मज्जामार्गही त्यांनी शोधून काढला. उंदराच्या मेंदूवरून माणसाविषयी किती बोलावे याला मर्यादा आहे, तरी नजर आणि भय यांचे नाते केवळ कल्पित नाही एवढे यावरून दिसते.

महाराष्ट्राचा विचार करता मला प्रथम किल्लारीचा भूकंप आठवतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे चारच्या सुमारास, लातूर-धाराशिव परिसरातील गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली, आणि वाचलेली माणसे पुढे दीर्घकाळ छपराखाली झोपायला धजत नव्हती. शपिरोबाईंचा शोधनिबंध तेव्हा चार वर्षांचा झाला होता; मराठवाड्यापर्यंत त्याची वार्ता पोहोचण्याचे काही कारणच नव्हते. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर मात्र परदेशी तज्ज्ञांनी भारतीय चिकित्सकांना या पद्धतीचे शिक्षण दिले, आणि देशात तिचा प्रसार करणाऱ्यांत मुंबईच्या सुषमा मेहरोत्रा यांचे नाव अग्रक्रमाने येते. मुलांसाठी तिचे सुटसुटीत रूप मेक्सिकोतून आले: १९९७ च्या चक्रीवादळानंतर अकापुल्को येथे लुसिना आर्तिगास यांनी मुलांना दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून आळीपाळीने खांद्यांवर हलकेच थापट्या मारायला शिकविले. बोटे फिरविणारा चिकित्सक प्रत्येक मुलासमोर बसविणे जिथे अशक्य, तिथे ही युक्ती चालते.

नाशिककरांना हे दूरचे वाटू नये. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविक मृत्युमुखी पडले. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून निदान २२ रुग्ण दगावले. मृतांची गणना झाली, चौकशा झाल्या, नुकसानभरपाईचे हुकूम निघाले. ज्या परिचारिकांनी आणि नातेवाइकांनी तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला, त्यांच्या मनाचा पंचनामा कोणत्या खात्याने करावयाचा, हे कोणत्याच नियमावलीत लिहिलेले नसते.

ज्यांना या उपचाराची गरज वाटत असेल त्यांनी चिकित्सकाचे शिक्षण कोठे झाले आणि या पद्धतीचे प्रशिक्षण कोणाकडून घेतले हे निःसंकोच विचारावे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तिचा दाखला मागणे हा उद्धटपणा नव्हे. अपस्मार असल्यास, डोळ्यांची व्याधी असल्यास, किंवा प्रकरण न्यायालयात असून जबानी व्हायची असल्यास ते आधीच सांगावे. चलच्चित्र पाहून घरच्या घरी जुनी जखम उघडण्याचे साहस करू नये. कोठे जावे हेच उमगत नसेल तर शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि मराठीतही उपलब्ध आहे.

जिल्हा प्रशासनाला एक विनंती. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट आणि पूल यांचे नकाशे तयार होत आहेत. ईश्वरकृपेने अघटित काही घडू नये. घडलेच तर त्याच दिवशी घाटावर बोटे फिरविणारे चिकित्सक नेऊन बसविण्याचा उत्साह कोणी दाखवू नये, कारण पहिल्या दिवसांत माणसाला हवे असते ते पाणी, निवारा, आपल्या माणसांचा ठावठिकाणा आणि शांतपणे बोलणारे कोणीतरी, आणि बहुतेकांची मने काही आठवड्यांत आपली आपण सावरतात. परंतु जखमींची, साक्षीदारांची, पोलिसांची आणि स्वयंसेवकांची यादी त्याच वेळी करावी, महिन्याभराने त्यांतल्या प्रत्येकाची विचारपूस व्हावी, आणि ज्यांची रात्र तरीही सरत नसेल त्यांना प्रशिक्षित चिकित्सकाकडे पाठविण्याची तजवीज आराखड्यात आजच लिहून ठेवावी.