मंत्र्यांचे उत्तरदायित्व

आपल्या खात्याच्या कारभाराबद्दल मंत्र्याने विधिमंडळाला जाब देण्याचे संसदीय राज्यपद्धतीतील तत्त्व. खात्यातील बहुसंख्य निर्णय अधिकारी घेत असले, तरी ते मंत्र्याच्या वतीने घेतले जातात; म्हणून श्रेय व दोष या दोहोंचा धनी मंत्रीच, अशी यामागील कल्पना आहे. इंग्लंडमधील संकेतांतून घडलेले हे तत्त्व भारतीय संविधानात अंशतःच शब्दबद्ध झाले. अनुच्छेद १६४ (२) नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिक रीत्या जबाबदार असते. शासकीय आदेश राज्यपालांच्या नावे निघतात व त्यांवर सचिवालयातील अधिकाऱ्याची सही असते. परिणामी मंत्र्याचा निर्णयाशी असलेला संबंध बहुधा नस्तीवरील शेऱ्यावरूनच सिद्ध होतो. सूचना तोंडी असेल, तर तोही पुरावा उरत नाही.

आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सु. सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले, तेव्हा हीच अडचण उद्‌भवली. मंत्र्यांची संमती होती, असे अर्थखात्याच्या सचिवांचे म्हणणे होते; मंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ते नाकारले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या आयोगाने सचिवांच्या कृतीची सांविधानिक जबाबदारी मंत्र्यांवरच टाकली. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. महामंडळाच्या वा सरकारी कंपनीच्या कारभाराबद्दल मंत्री कितपत बांधील, हा प्रश्न मात्र धूसरच राहिला. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर येथील आयुधनिर्माणी पूर्वी संरक्षण मंत्रालयाच्या थेट अधिपत्याखाली होती. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेली. तेथे २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ कामगार मृत्यू पावले. अशा दुर्घटनेत मंत्री व संसद यांच्यामध्ये आता कंपनीचे व्यवस्थापन उभे असते.

धोरण ठरविणे हा मंत्र्याचा अधिकारच आहे. कायद्याने विशिष्ट अधिकाऱ्याकडे सोपविलेला निर्णय त्याच्याकडून हवा तसा करवून घेणे, हा हस्तक्षेप होय. मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी चित्रपटगृहाची परवानगी शासनाच्या सांगण्यावरून रद्द केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये तो आदेश आयुक्तांचा नव्हेच, असा निर्णय दिला. सिमेंट-वाटप व न्यासाला मिळालेल्या देणग्या यांच्या प्रकरणात अ. र. अंतुले यांना (१९८२) आणि वैद्यकीय परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना (१९८६) मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. दोन्ही वेळा निमित्त ठरले ते उच्च न्यायालयाचे ताशेरे. विधानसभेचे मतदान नव्हे.

बुलढाणा जिल्ह्यातील प्रकरण याहून बोलके आहे. एका आमदाराच्या सावकारी करणाऱ्या कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या. त्या थेट नोंदवू नयेत, आधी जिल्हा समितीपुढे ठेवून सरकारी वकिलांचे मत घ्यावे, अशा सूचना २००६ मध्ये मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्याकडून गेल्या. त्यांच्या कार्यालयातून आलेल्या दूरध्वनीची नोंद पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत झाली होती. ती नसती, तर प्रकरण उभे राहणे कठीणच होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये या सूचना घटनाबाह्य ठरविल्या आणि उच्च न्यायालयाने बसविलेली २५,००० रुपयांची खर्चाची रक्कम वाढवून १० लाख केली. ती राज्य शासनावर, म्हणजे अखेरीस करदात्यांवर पडली. देशमुख तेव्हा केंद्रात मंत्री होते व पुढेही राहिले.

तोंडी सूचनेवर अधिकाऱ्यांनी कृती करू नये, ती लेखी नोंदवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये बजावले. परंतु लेखी आदेश मागणाऱ्या अधिकाऱ्याला बदलीची धास्ती असते. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांविषयीच्या अधिनियमाने सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा पदावधी ठरविला असून मुदतपूर्व बदलीसाठी लेखी कारणे व वरिष्ठ प्राधिकाऱ्याची मान्यता आवश्यक केली आहे. वरिष्ठ पदांच्या बाबतीत ही मान्यता देणारे मात्र मुख्यमंत्री वा मंत्रीच असतात.