पानाचे नाव आणि पानाचा पत्ता

वसतिगृहात मुलाला प्रवेश मिळेल का, याची चौकशी पूर्वी पालक गावच्या गुरुजींकडे करीत, अथवा संस्थेला पत्र पाठवीत. आज तीच चौकशी मोबाईलवर होते. शोधयंत्राच्या चौकटीत तीन-चार शब्द लिहिले जातात आणि वरच्या काही ओळींत जे दिसेल तेच बहुधा उघडले जाते. म्हणून प्रवेश, शिष्यवृत्ती वा ग्रंथालय यांची माहिती संकेतस्थळावर ठेवली, एवढ्याने कार्य संपत नाही. ती गरजूला सापडली पाहिजे. यात पानाचे शीर्षक व पत्ता यांचा वाटा किती, हे आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

शीर्षक म्हणजे शोधाच्या निकालात ठळकपणे दिसणारी ओळ. शोधयंत्र पानावरील शब्दांची सूची करून ठेवते आणि पानाचा विषय ठरविताना शीर्षकाची मदत घेते. ‘मुख्यपृष्ठ’ किंवा ‘सूचना क्रमांक ३’ या शीर्षकांतून कोणालाच काही कळत नाही. ‘मुलींचे वसतिगृह : प्रवेश अर्ज व आवश्यक कागदपत्रे’ असे लिहिले, तर यंत्राला आणि पालकाला एकाच वेळी बोध होतो. शब्द मात्र शोधणाऱ्याच्या तोंडचे हवेत. संस्था ‘निवासी विद्यालय’ लिहिते, पालक ‘होस्टेलची शाळा’ शोधतो. म्हणून एक शब्द शीर्षकात व दुसरा मजकुरात सहज यावा.

पत्त्याचे महत्त्व त्याहून कमी आहे. गूगलचे मार्गदर्शन असे की, पत्त्यात निरर्थक आकड्यांऐवजी अर्थपूर्ण शब्द असावेत व त्यांच्यामध्ये आडवी छोटी रेघ असावी. केवळ त्यामुळे पान वर चढत नाही; पण दुवा उघडण्यापूर्वीच आत काय आहे याची वाचकाला कल्पना येते. पत्ता देवनागरीतही देता येतो. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर लेखाचे नाव हेच पत्त्याचा भाग होते, आणि त्याच विषयाची अन्य नावे मूळ लेखाकडे वळविता येतात. अडचण एवढीच की, असा पत्ता नकलून पाठविताना पुष्कळदा त्याचे सांकेतिक रूप उमटते. ‘शाळा’ या एका शब्दाची ३६ चिन्हे होतात. त्यामुळे अनेक संस्था पत्ता रोमन लिपीत व शीर्षक मराठीत ठेवतात. तेही योग्यच आहे.

शब्दांचा हा उपयोग कळला की त्यांचा भडिमार करण्याचा मोह होतो. एके काळी पानाच्या अदृश्य भागात शब्दांची लांबलचक यादी घालण्याची रीत होती. आपण क्रमवारीसाठी त्या यादीचा उपयोग करीत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. एकच शब्द पुनःपुन्हा कोंबणे हा तर त्यांच्या नियमांचा भंग ठरतो. शीर्षक पानाशी विसंगत वाटले, तर गूगल निकालात पानावरील दुसरी ओळ शीर्षक म्हणून दाखविते.

आणखी एक दक्षता घ्यावी. चालू असलेला पत्ता विनाकारण बदलू नये. बदलणे भाग पडले, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमस्वरूपी वळण द्यावे. अन्यथा जुने दुवे जपून ठेवणाऱ्यांच्या हाती रिकामे पान येते.

शीर्षक हे एक वचन आहे. ‘प्रवेश अर्ज’ असे लिहून आत केवळ समारंभाची छायाचित्रे असतील, तर दूरच्या गावातील पालक निराश होऊन परततो आणि अर्जाची मुदत निघून जाते. संगणकक्षेत्रात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील शाळा, मंडळे व वाचनालये यांची पाने एकदा या दृष्टीने तपासून द्यावीत, अशी आमची विनंती आहे. त्यास खर्च फारसा नाही; पण त्यामुळे एखाद्या मुलाचे वर्ष वाचू शकेल.